वरचा कागद

पालम, दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. सगुणाआत्यांस,
सुकेशनीचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, तब्येत बरी आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे मला ओरडून सांगता येत नाही. शेजारच्या खोलीत आमच्या ऑफिसातलेच लोक राहतात.

अक्षर चांगलं म्हणून मला बिंदुनामावली नव्याने उतरवायला दिली आहे. कोणती जागा खुली, कोणती राखीव, कुठे कोण, हे त्या रजिस्टरात असतं. त्यात माझं नाव अनुसूचित जातीच्या महिलेच्या जागेवर सापडलं. आत्या, मी निवड यादीत दुसरी होते. वयाची, गुणांची कसलीच सवलत घेतली नव्हती. अशा मुलीला खुल्या जागेवर धरायचं आणि राखीव जागा यादीतल्या पुढच्या मुलीला द्यायची, असा नियम आहे. ती पुढची मुलगी राणीसावरगावची अर्पिता. अकरा महिने मी तिच्या खुर्चीत बसले आहे. प्रतीक्षा यादीची मुदत ३० सप्टेंबरला संपते.

खुली एक जागा रिकामीच आहे. निवडलेला माणूस रुजू झाला नाही. म्हणजे कोणाचं काही जात नाही. हेडक्लार्क बन्सीधररावांना विचारलं तर हसले. म्हणाले की आडनाव वाचलं आणि रकान्यात टाकलं, गुण बघायला वेळ कोणाला आहे. शिवाय तुमची खुर्ची हलत नाही ना, मग दुसरीची कशाला मोजता.

चूक माझीच तर नाही ना? कागद मागायच्या आत द्यावा, असं तुम्ही शिकवलंत. रुजू होताना मी जातीचा दाखला सगळ्यात वर ठेवला होता. माझी परिवीक्षा अजून संपलेली नाही, नोकरी पक्की व्हायची आहे. पंधरा तारखेला रजिस्टरखाली ‘नोंदी बरोबर आहेत’ अशी सही करायची आहे. काय करू?

उत्तराची वाट पाहणारी,
सुकेशनी

—

पोखर्णी, दि. १० सप्टेंबर

चि. सुकेशनीस आत्याचा जयभीम आन् आशीर्वाद.

तुला अक्षरं मी शिकवली, आन् माझाच धडा माझ्या डोक्यात मारतीस व्हय? दाखल्याखाली गुणपत्रिका होती ना? कागद पलटायला त्या बन्सीधरचा हात मोडला होता काय?

तुझा भाऊ सिद्धोधन म्हणतो, सही करून टाक म्हणावं, आधी नोकरी पक्की होऊ दे. मी त्याला गप बसवलं, आन् काल दोन बशी बदलून राणीसावरगावला गेले. अर्पिता कापडाच्या दुकानात घड्या घालायलीय. तिला वाटतं, आपण नापास झालो. अभ्यासाची पुस्तकं रद्दीत गेली म्हणं. तुझ्या रजिस्टराचं मी तिला सांगितलं न्हाई. खोटी आशा लावायचा मला हक न्हाई. पोलक्याचं कापड घेऊन माघारी आले. माझा लय जीव जळला.

सही करू नको. भिऊ नको, असं मी म्हणणार न्हाई. भी, पर लिही.

तुझी आत्या

—

पालम, दि. १७ सप्टेंबर

ती. आत्यांस सविनय जयभीम वि. वि.

सही केली नाही. कारण लिहून दिलं, आणि विभागाच्या मागासवर्ग कक्षाला स्पीड पोस्टाने तक्रार पाठवली, माझ्या नावानिशी.

बन्सीधरराव सगळ्यांदेखत म्हणाले की ह्यांना एक जागा दिली की दुसरी मागतात. दिली! माझे दोनशेपैकी एकशे चौऱ्याहत्तर गुण मला कोणी दिले होते? आणि ज्यांच्या डब्यातलं लोणचं मी वर्षभर खाल्लं ते महारुद्र म्हणाले की आता तुम्ही आमच्या खुल्या जागेतही आलात. मी विचारलं की खुली म्हणजे कोणासाठी खुली. दुसऱ्या दिवशी त्यांचा डबा माझ्याकडे सरकला नाही.

रजिस्टर काढून घेऊन मला आवक-जावकला बसवलंय, आलेल्या टपालावर तारखेचे शिक्के मारायला. परिवीक्षेच्या अहवालात माझ्या वर्तणुकीबद्दल लिहिणार आहेत म्हणे. मी रोज माझं जुनं काम दोनदा तपासते. चूक असलीच तर त्यांच्या आधी मला सापडावी. आत्या, याचाच जास्त राग येतो. ते न बघता लिहितात, आणि झोप माझी उडते.

आठवण ठेवा.
सुकेशनी

—

पोखर्णी, दि. २१ सप्टेंबर

चि. सुकेशनीस जयभीम.

लोणचं एसटीनं पाठवलंय, आता कुणाच्या डब्याकडं बघू नको. शिक्के मारायला बसवलं म्हणून रडू नको. दफ्तरात येणारा हर कागद आधी तुझ्या हाताखालून जातो, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं न्हाई.

आत्या

—

पालम, दि. ३० सप्टेंबर

ती. आत्यांस सविनय जयभीम वि. वि.

शुक्रवारी विभागाचं पत्र आलं. मला खुल्या जागेवर दाखवावं आणि मुदत संपायच्या आत अर्पिताला राखीव जागेवर रुजू करून घ्यावं, असं त्यात होतं. बन्सीधरराव माझ्या टेबलाशी वाकून म्हणाले की शिक्का एक ऑक्टोबरचा मारा, तुमचा अहवाल माझ्याच हातात आहे. मी भ्याले. भीत भीतच सव्वीस तारखेचा शिक्का मारला, खाली वेळ लिहिली आणि पत्र स्वतः ऑफिसच्या मुख्य साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. शिक्का बघितल्यावर त्यांना ते ठेवून देता आलं नाही. अर्पिताला त्याच दिवशी बोलावणं गेलं.

ती आज आली. तुमचं सांगितलं तर म्हणाली की त्या बाईंनी चौदा कापडं उलगडायला लावली आणि एकच घेतलं.

कागद देताना तिनेही जातीचा दाखला सगळ्यात वर ठेवला होता. बन्सीधररावांनी हात पुढे केला. मी गठ्ठा मध्येच घेतला, दाखला खाली सरकवला, गुणपत्रिका वर आणली आणि मग त्यांना दिला. दोन्ही कागद लागतात, पण आधी हा वाचा, असं सांगितलं. ते उभे राहिले. मीही उभी राहिले. शेवटी त्यांनी वाचला.

माझा अहवाल उद्या जाईल. राग अजून उतरलेला नाही. तुमचा लोभही उतरू देऊ नका.

तुमची,
सुकेशनी