विहिरीचं पहिलं पाणी

गुरुजी, तिने रिकामी कळशी कमरेवर घेऊन विहिरीकडे पाठ फिरवली, तिथेच माझं सगळं बदललं. तेव्हा ते कळलं नाही. तेव्हा मी नुसता चिडलो होतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी चौथीत होतो. आता घिवलीत पुन्हा पटकी आली आहे, तेच जुलाब, त्याच उलट्या. होड्या वर ओढून ठेवल्यात, काठ्यांवर सुकत घातलेले बोंबील काढायलाही कोणी येत नाही. मी पालघरहून आलो तो आईला सांगत, की साथीमुळे कॉलेज बंद आहे. खोटं. कॉलेज चालू आहे. वसतिगृहात खोलीतल्या एकाने माझी ट्रंक हुंगून "आला सुका बोंबील" म्हटलं, मी त्याचा दात पाडला आणि परत गेलोच नाही. तिथे मी बोंबील, इथे मी "सायेब". मी नक्की कोण, ते मलाच ठाऊक नाही. फक्त शेजारच्या काकींची मुलगी, तीच ती कळशीवाली, मला नुसतं "ए" म्हणते, आणि त्या "ए"ला मी हटकून वळतो.

मागच्या साथीत तुम्ही मला विहिरीवर नेलं होतं. हातावर पाणी शुद्ध करायच्या लाल औषधाची पुडी ठेवता, म्हणता, "टाक. चिमटीभरच." पाणी फिकट गुलाबी होतं. बायका पदर तोंडाला लावून मागे सरतात. तुम्ही तांब्या बुडवता आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिता. कोणीतरी म्हातारी ओरडते, "मास्तर, तुमी मेलात तं आमी नाय पिणार हां!" तुम्ही मिशा पुसता. "बसतो इथंच संध्याकाळपर्यंत. जिवंत दिसलो तर भरा." सगळ्या हसतात, आणि दिवस कलायच्या आत विहिरीवर रांग लागते.

माझ्या लक्षात राहिली ती पुडी. तांब्या विसरलो.

या खेपेला दवाखान्यातून औषध मीच आणलं. चिमटीने काय होणार म्हणून अख्खी पुडी ओतली. पाणी रक्तासारखं झालं. बायका थबकल्या, तिची आई म्हणाली, "सायबाने इख कालवलान!" ती मात्र पुढे आली. हसत होती. "ए, तूच टाकलंस ना? मग तू पी बघू. मग मी पिते."

मी त्या पाण्याकडे पाहिलं. आणि भीती दिसू नये म्हणून ओरडलो, "अडाणी आहात सगळ्या! मरा तशाच!"

तिने रिकामी कळशी कमरेवर घेतली. तळ्यावर गेली. सगळ्याच गेल्या.

कालपासून ती पडून आहे. डोळे खोल गेलेत म्हणतात, आवाज बसलाय. बोईसरला इस्पितळात न्यायला गाडीवाला दुपारी येईन म्हणाला, येईल तेव्हा खरं. तोवर तिची आई तिला घोट घोट पाणी पाजते आहे, तेही त्याच तळ्याचं. सकाळी कुंपणाबाहेरून ओरडून सांगितलं, "काकी, विहिरीचं पाणी उकळून द्या!" आतून आवाज आला, "तू पितोस काय रं ते?"

मी पळून आलो, गुरुजी. आल्यापासून हेच लिहीत बसलोय. साथीची भीती, ती मरेल ही भीती, आणि ती वाचली तर माझ्याकडे कशी बघेल, याचीही.

पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं. तळ्याचंही नाही आणि विहिरीचंही नाही, तीन दिवस मी माडाची शहाळी फोडून पितोय. आईलासुद्धा पत्ता नाही.

विहिरीचं पाणी आता निवळलंय. आमच्या घरातला तांब्या घेतला आहे, कळशीही. आधी काठावर उभा राहून पिणार, मग उरलेलं उकळून तिच्या दारात नेणार, आणि काकींसमोर पुन्हा पिणार. त्यांनी मला जिवंत बघेपर्यंत तिथून हलणार नाही.

वही मिटतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.