सगळं यादीवरच लिहायचं

१२ जानेवारी २०२५
परत भांडण! शिवारात रोही (म्हणजे नीलगायी), डुकरं शिरली की गावाला कळवणारं आमचं ॲप. फुकट, कोड सगळ्यांना उघडा, पदरमोड करून आम्ही चौघं चार गावांतून चालवतो, मी दिग्रसहून. पण एकमेकांशी बोलायचं कुठं, यावर एकमत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी ठरलेलं दुपारी गुलाबांच्या फोटोंखाली गडप होतं. पुसदच्या अमरने तोच प्रश्न आज चौथ्यांदा विचारला.

मी म्हटलं, ई-मेलची उघडी यादी करू. कोणीही नाव नोंदवावं, सगळे मेल वाचावेत. गेलेला मेल पुसायचा नाही. ॲप लोकांचं, तर बोलणंही लोकांसमोर.

लोहाऱ्याहून धम्मदीप फोनवर हसला. "ई-मेल कोन वाचते वं? लोकं पासवर्डच भुलतेत."

तो हसला की मी मुद्दाच विसरते. आवडतो मला. हे काही यादीवर जाणार नाही.

१९ जानेवारी
जिंकले! बाभुळगावच्या साधनाताई माझ्या बाजूने. नियम मीच लिहिला — खाजगी निरोप बंद, जे असेल ते यादीवर. धम्मदीप म्हणाला, "लय हट्टी हायेस." पण कबूल झाला.

२ फेब्रुवारी
यादी झकास चाललीय. ॲप वापरणारे शेतकरीही येऊन राहिलेत. बहुतेक नुसते वाचतात.

पण मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. धम्मदीप नियम इतका पाळतो की फोनसुद्धा नाही. यादीवर रोज भेटतो — रोही आणि डुकरांविषयी.

९ फेब्रुवारी
आईने सोयरिकीचा विषय काढला. धम्मदीप बौद्ध, आम्ही कुणबी. बाबांसमोर त्याचं नाव काढायची हिंमत होत नाही.

१६ फेब्रुवारी
यादीवर धम्मदीपचा मेल. विषय: नवा प्रस्ताव. मला वाटलं, नकाशाचं काहीतरी असेल.

"निकिता, नियम तुयाच हाये, म्हनून इथंच विचारतो. माह्यासंगं लग्न करशील काय? घाई नाही. पन उत्तर यादीवरच पायजे."

आधी संताप आला. मग हसू. मग चक्क रडले. तेवढ्यात साधनाताईंचं "+१" आलं. कामाच्या प्रस्तावाला होकार द्यायचा तर आम्ही तेच लिहितो. पाठोपाठ अमरचंही.

मी लिहिलं, "मंजूर." पाठवलं. मग आठवलं, पुसता येत नाही! येत असतं तरी पुसलं नसतं.

१७ फेब्रुवारी
यादीवर एका वाचकाचा पहिलाच मेल.

"मी रोह्यायच्या खबरीसाठी नाव टाकलं होतं. सारं वाचत असतो. पोरगा सरळ दिसते, लपून काई करत नाही. निकिता, रविवारी त्याले जेवाले बोलाव. तुया आईले मी सांगतो. — देवराव, दिग्रस."

बाबा शेजारच्याच खोलीत होते.