चार आट्यांवरचे चाक

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा एकेकाळी टर्नर आणि आता काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरे माणूस लागते, ते नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात "स्मरणशक्ती उत्तम" असे लिहिले आहे, आणि ते वाचून मला मुळीच आनंद झाला नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

वकीलबाईंनी मला नमुना दिला होता आणि बजावलेही होते, "काका, मालमत्तेपुरतंच लिहा. मनातलं असेल ते वेगळ्या पत्रात लिहा." मी ऐकलेले नाही. पत्र न वाचता फाडता येते. मृत्युपत्र वाचावेच लागते.

कलम एक. राहते घर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सामानासकट माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. तिने ते विकून टाकावे. भावनेच्या भरात ठेवून घेऊ नये, ती परमुलखात राहते, इथे कुलपाला गंज चढेल. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो मी बसवला आहे. घेणाऱ्याला आधी सांगावे, नाहीतर पहिल्याच दिवशी घरभर पाणी होईल. बँकेतली ठेवही तिचीच, वारस म्हणून तिचेच नाव लावलेले आहे.

कलम दोन. माझा मायक्रोमीटर, दोन व्हर्निअर आणि धार लावलेली सर्व हत्यारे कारखान्यात माझ्यानंतर लेथवर उभ्या राहिलेल्या मुलीला द्यावीत. आता ती फोरमन आहे. शिकाऊ असताना तिने मला सगळ्यांसमोर विचारले होते, "काका, माप बरोबर आहे, पण काम बरोबर आहे का?" त्या दिवशी मी तिला अद्वातद्वा बोललो. ती हत्यारे घ्यायला आली तर तिला सांगावे की प्रश्न चांगला होता.

कलम तीन. समोरच्या दारातल्या विमा एजंटाला माझ्याकडून काहीही नाही. जिन्यात ठेवलेली कुंडी त्याची आहे, ती त्याने उचलावी. नऊ वर्षे सांगतो आहे.

कलम चार. गाडी. हे कलम लांबणार आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

गाडी मी घेतली तेव्हाच अकरा वर्षांची होती. साधी, चार दारांची, अरुंद टायरची, पण कधी रस्त्यात उभी राहिली नाही. सतरा वर्षांपूर्वी वरील एजंटाने नवी गाडी आणली, चांगली रुंद चाकांची, आणि सकाळी सकाळी मला म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला सायकलचे टायर लावलेत का हो?" मी हसलो, पण जेवण गोड लागेना. हौसेला मोल नसते. दुसऱ्याच आठवड्यात मी भंगार बाजारातून रुंद रिम आणि टायर घेऊन आलो. नुसती रिम लावून पाहिली तर ती आतल्या अंगाने शॉकअॅब्सॉर्बरला घासू लागली. चाक वीस मिलिमीटर बाहेर सरकवणे भाग होते. त्यासाठी स्पेसर लागतो, म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये बसणारी धातूची जाड चकती. बाजारात तयार मिळते. पण टर्नरने चकती विकत आणायची म्हणजे आचाऱ्याने शेजारून भाजी मागवण्यासारखे झाले. मी पाळी संपल्यावर थांबून चार चकत्या लेथवर काढल्या. केसाचा फरक नाही. घरी आणून टेबलावर मांडल्या तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे गाडीला लावायचंय की कपाटात सजवून ठेवायचंय?"

टायर बसवायला पान्याकडे गेलो. पाना म्हणजे कोपऱ्यावरचा टायरवाला. हातात सदा पाना, म्हणून पाना. खरे नाव त्याच्या आईशिवाय कोणी घेत नसे. आम्ही शाळेत एका बाकावर बसलो. आमच्या घरी त्याचा कप वेगळा होता, बायको त्याला भावजी म्हणायची आणि त्याच्या चहात न विचारता दोन चमचे साखर घालायची. माझी मुलगी शाळा सुटली की आधी त्याच्या दुकानात जायची आणि मग घरी.

त्याने टायर रिमवर चढवले, चकती लावली, चाक बसवले आणि नट हाताने फिरवत तो बोल्टच्या किती पेचांवर चढतो ते मोजू लागला. मग नट काढून माझ्या हातात दिला.

"चारच आटे धरतोय रे. निदान आठ हवेत. तुझी चकती झकास आहे, पण तिने बोल्टची लांबी खाल्ली. लांब बोल्ट मागवतो, गुरुवारी येतील."

"मला शिकवतोस? बत्तीस वर्षं आटेच पाडतोय मी."

"पाड की. चाक गुरुवारीच बसेल."

हे मंगळवारी झाले. त्याने जुनी चाके परत लावली आणि नवी डिकीत आणि मागच्या सीटवर टाकली. मी चकतीचे माप शंभर वेळा तपासले होते. बोल्टचे एकदाही तपासले नव्हते. चकती माझी होती आणि बोल्ट गाडीचा, एवढेच त्याचे कारण. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा मी.

बुधवारी सकाळी, एजंट कामावर निघतो ती वेळ साधून, मी अंगणात चारही रुंद चाके स्वतः बसवली. तो थांबला, बघून म्हणाला, "वा, काका!" आणि गेला. एवढ्यासाठी मी ते केले होते. संध्याकाळी बायकोला घेऊन तिच्या भावाकडे निघालो. वाटेत टकटक आवाज येऊ लागला. ती म्हणाली, "अहो, काहीतरी वाजतंय." मी म्हणालो, "नवे टायर आहेत, वाजणारच." पुलाच्या वळणावर डावीकडचे पुढचे चाक निघाले आणि आमच्या पुढे धावत गेले. गाडी कठड्याला धडकली, तिच्या बाजूने. तिचा पाय तीन ठिकाणी मोडला. मला कोपराला खरचटले.

दवाखान्यात मेहुण्याने विचारले, "चाकं कोणी बसवली?"

मी म्हणालो, "पान्याने."

पाना तासाभरात धावत आला. मेहुण्याने त्याची गचांडी धरली. पाना त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता आणि मी फरशीकडे. नंतर जिन्यात त्याने मला गाठले.

"तू बसवलीस ना?"

"हो."

"वहिनीला माहितीय?"

"नाही."

तो बराच वेळ हाताचे ग्रीस पुसत राहिला. मग म्हणाला, "मग आत्ता सांगू नकोस. तिला आत्ता तुझाच आधार आहे. जरा उठून बसू दे, मग सांग. तोवर राहू दे माझ्यावर."

ती महिन्याभरात उठून बसली. पुढे काठी घेऊन चालू लागली. अकरा वर्षे तशीच चालली आणि मग गेली. मी सांगितले नाही. आधी तिची तब्येत आड आली, मग मुलीचे लग्न, मग काहीच आड आले नाही तरी सांगितले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा चहा गाळताना ती म्हणाली, "भावजी असं करतील असं वाटलं नव्हतं हो." मी तिला सांगितले की दूध उतू जाते आहे. दूध उतू जात नव्हते.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. ज्याच्या हातून बायामाणसांच्या गाडीचे चाक निघते त्याच्याकडे कोण जाणार? वर्षभरात पान्याचे दुकान बंद झाले. गेली सोळा वर्षे तो गावाबाहेरच्या गोदामात दुसऱ्यांचे टायर रचतो. मी त्या बाजूला जाणारा रस्ता सोडला. त्याने एका शब्दाने कोणाला काही सांगितले नाही, नाहीतर माझ्या कानावर आले असते.

म्हणून मी जाहीर करतो की ती चाके मी बसवली. पान्याने मनाई केली होती. दोष सर्वस्वी माझा आहे. हे कलम मुलगी, मेहुणा आणि एजंट यांच्यासमोर मोठ्याने वाचावे, गाळू नये. गाडी भंगारात द्यावी, कोणाला चालवायला देऊ नये. ती जिथे उभी आहे तो रस्त्यालगतचा गाळा पान्याला द्यावा. या वयात तो दुकान थाटणार नाही, हे मला कळते. पण पाटी लावता येईल.

कलम पाच. यात मालमत्ता नाही. मी एकटा आहे. बायको गेली म्हणून एकटा आहे असे सगळे समजतात. ती असतानाही अकरा वर्षे मी एकटाच होतो, कारण तिच्याशी बोलण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती मी बोलत नव्हतो.

पुरवणी. ही आज दुपारी गोदामात, टायरच्या थप्पीवर बसून जोडत आहे. वकीलबाई म्हणाल्या की दोन साक्षीदार हवेत. एक डॉक्टर. दुसरा कोण, ते सुचेना. बाईंनी विचारले, "मित्र नाही का कोणी?" म्हणून इथे आलो.

पान्याचे केस पार पांढरे झाले आहेत. त्याने कलम चार उभ्याउभ्या, बोट फिरवत दोनदा वाचले.

"हे तू मेल्यावर वाचायचं?"

"हो."

"म्हणजे शिव्या घालायला तू नसणार."

मी पेनाचे टोपण काढून पुन्हा लावले.

"गाळा नको मला," तो म्हणाला. "साक्षीदार हवाय ना? मी करतो सही."

मी सांगितले की ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, सही केलीस तर गाळा जाईल.

"जाऊ दे. पण आधी लेकीला फोन लाव. आत्ता. मी इथेच उभा आहे."

मी लावला. वरचे सगळे तिला सांगितले, बोल्टपासून पान्याच्या दुकानापर्यंत. शेवटी ती म्हणाली, "काका तिथे आहेत? त्यांना द्या." ती दोघे बरीच बोलली. पान्याने फोन परत दिला तेव्हा तो बंद झालेला होता.

"काय म्हणाली?"

"रडत होती."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही. आईने शेवटपर्यंत मला दोषी धरलं, तेच विचारत होती. खरंच का, म्हणून."

तरी गाळा पान्याऐवजी मुलीला द्यावा, तिने घेतला तर. बाकी कलमे आहेत तशीच राहतील. कलम चार आता मुलीसमोर वाचले नाही तरी चालेल, पण मेहुणा अजून बाकी आहे. त्याच्याकडे मी उद्या स्वतः जाणार आहे.

"आवर लवकर," पाना म्हणतो आहे, "माझी सुट्टी संपतेय." मी त्याला शेजारी बस म्हणालो. तो उभाच आहे.

मृत्युपत्र करणार: सही. टर्नर, निवृत्त.

साक्षीदार पहिला: सही. डॉक्टर. यांच्यासमोर मी माझी सही संध्याकाळी दवाखान्यात पुन्हा मान्य केली.

साक्षीदार दुसरा: सही. टायरवाला. कागद पूर्ण वाचला. कलम चार खरे आहे.

ठिकाण: टायरचे गोदाम, मागचे दार. वार बुधवार, तारीख अकरा.