झरा आणि माझा नवा कुम

१९ डिसेंबर, सकाळ.
आज घरचा संत निकोलाचा सण. दार उघडं; न बोलावता अख्खं गाव येणार. मी प्रत्येकावर नजर ठेवणार. बाटलीबंद पाण्याची कंपनी आपला झरा मागतेय आणि पालिकेत कोणीतरी नक्की विकलं गेलंय. मी सभासद आहे तोवर झरा जाणार नाही. मला विकत घेणारा अजून जन्मायचाय.

संध्याकाळ.
माझ्यासोबतचा सभासद तिहोमिर घटकाभर येऊन गेला; त्याच्याही घरी आज हाच सण. पायात नवे बूट! त्याची बायको म्हणते, मुलीने जर्मनीहून पाठवले. असं सगळेच सांगतात. कंपनीचा मॅनेजर नेबोयशाही आला. सणाला आलेल्याला हाकलत नाहीत. नाताळाआधीच्या उपवासात मांस नाही, मासा चालतो; तो त्याने दोनदा मागून घेतला, झऱ्याचं नावही काढलं नाही. म्हणूनच मी जास्त सावध.

८ जानेवारी.
नेबोयशा परत. त्याचा मुलगा पाच महिन्यांचा झालाय. म्हणाला, बाप्तिस्म्याला पोराला तुम्हीच हातात धरा, कुम व्हा. कुम म्हणजे पोराचा धर्मपिता; मग पोराचा बापही आपला कुम, सख्ख्या भावाइतका जवळचा. कुमपण मागितल्यावर नाही म्हणायचं नसतं. आमच्या सात पिढ्यांत कोणी म्हटलं नाही. आणि धर्म वेगळा, राजकारण वेगळं.
स्पोमेन्का, माझी बायको, बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग कुमच्या विरोधात हात कसा वर करशील?"
हिला प्रत्येक गोष्टीत संशय.

२१ जानेवारी.
बाप्तिस्मा झाला. पोर रडलं नाही, माझं बोट धरून बसलं. खरंच जीव लागला. तिहोमिर रस्त्यात भेटला, अभिनंदनसुद्धा नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

४ फेब्रुवारी.
उद्या पालिकेत झऱ्यावर मतदान. भाषण पाठ. आरशासमोर दोनदा म्हटलं. जबरदस्त.

५ फेब्रुवारी.
नेबोयशा पहिल्याच रांगेत, मांडीवर पोर. पोराने माझ्याकडे हात केले. कुमच्या तोंडावर विरोध करायचा? बाजूने मत देणं तर शक्यच नाही. बाहेर जाऊन सिगारेट ओढली. हात स्वच्छ ठेवले.
आत आलो तर झरा गेलेला. एका मताने!
कोण फुटलं, म्हणून मी तिहोमिरला गाठलं. तो म्हणाला, "ते मत बाहेर सिगारेट ओढत होतं, वुकोसाव."
चेष्टेवर नेतोय. बुटांची चौकशी करायलाच हवी.

११ जुलै.
नळ कोरडा. आमच्या रासबेरी झुडपावरच वाळल्या. नेबोयशाची बेलग्रेडला बदली झालीय, फोन उचलत नाही. कामात असेल. कुम विसरत नसतो.

१९ डिसेंबर, संध्याकाळ.
सण. मासा, बीन्स, प्रसादाचा गहू, सगळं भरपूर केलं. दार सकाळपासून सताड उघडं. कोणी आलं नाही. रस्त्यावरून लोक गेले, तिहोमिरच्या घराकडे वळले. त्याचाही आजच सण. कंपनीने यांना काहीतरी चारलं असणार.
रडू आलं. ठसका लागला म्हणालो.
स्पोमेन्काने पाण्याची बाटली उघडली. लेबलवर आपलाच डोंगर. पेला पुढे ठेवून म्हणाली, "पी. तुझ्या कुमचं आहे."
प्यायलो. चव तीच आहे.