गच्चीवरचा उत्तर ध्रुव

३ एप्रिल
नातीच्या कॉलेजची वही. अर्धी कोरी, तरी रद्दीत घालत होती. मी ठेवून घेतली. चौथीपर्यंत शिकले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

काल सर्जेरावानं फर्मान काढलं. हा माझा मुलगा. ढेरी आली, अक्कल अजून वाटेत आहे. म्हणे, आई, वरची खोली सोड. गेल्या मे महिन्यात उन्हानं चक्कर येऊन पडलीस. यंदा खाली हॉलमध्ये झोप, एसीत.

मी पडले नव्हते. खाली बसले होते, जरा वेगानं.

हॉलमध्ये म्हणजे सून श्यामला, तिच्या मालिका, तिच्या भिशीच्या बायका आणि सोफ्याचा तो कुबट वास. शी! वरची खोली माझी. दार माझं, कडी माझी.

शेवटी नात ऋतुजा मध्ये पडली. खोलीत उष्णता मोजायचं यंत्र टांगलं. महिनाअखेर दुपारी तीनला आकडा पस्तिसाच्या आत असला तर खोली माझी. नाहीतर गादी खाली. मी म्हटलं, गादी हलायची नाही.

५ एप्रिल, दुपारी ३
३९. यंत्र बिघडलेलं आहे.

संध्याकाळी
ऋतुजानं मोबाइलवर उत्तर ध्रुव दाखवला. समुद्रावर बर्फाची साय, पांढरीशुभ्र. म्हणाली, आजी, हा बर्फ उन्हाला आल्या पावली परत पाठवतो. खालचं पाणी काळपट, ते ऊन पितं. बर्फ वितळला की काळं पाणी उघडं पडतं. ते तापतं, म्हणून आणखी बर्फ वितळतो, आणखी काळं उघडं पडतं. तिकडचा बर्फ असा घटत चाललाय आणि त्यानं सगळं जग जास्तच तापतंय.

मी विचारलं, तिकडे लक्ष द्यायला कुणी नाही का? ती म्हणाली, सगळे बघतायत की.

बघतायत! किळस आली. दूध उतू जाताना हातात फडकं धरून बघत उभी राहणारी ही जात.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची गच्ची काळीकुट्ट. गळतीसाठी सर्जेरावानंच डांबर फासून घेतलंय. म्हणजे माझ्या डोक्यावर काळा समुद्र! गच्ची पांढरी करायची. एवढी साधी गोष्ट, शास्त्रज्ञांना सुचली नाही.

७ एप्रिल
भैरू रंगारी आला. म्हणाला, आजी, चुन्यात सरस घालावा लागंल, डांबरावर नुसता चुना धरत नाय. मी म्हटलं, जनावराच्या हाडांचा चिकटा माझ्या डोक्यावर नको. तो म्हणाला, तुमची गच्ची, तुमचा चुना. दोन हात मारले आणि तोंड वाकडं करून गेला.

८ एप्रिल, दुपारी ३
३४!! यंत्र सुधारलं.

समोरच्या अमिनाबीला वर बोलावून दाखवलं. इथं वारज्यात सगळी शेतं होती तेव्हापासूनची शेजारीण. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, अक्का, इथं चपला काढूनच यायला पायजे. मी म्हटलं, काढच.

नियम केला. गच्चीवर कुणी पाय ठेवायचा नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. श्यामलाची दोरी सोडून टाकली. पांढऱ्याला पांढरं राहू द्यावं, एवढंही माणसाला जमत नाही, म्हणून तो ध्रुव नासला.

१२ एप्रिल
इतकं कडक ऊन फुकट आकाशात परत चाललंय. बघवेना. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या तर वाळवायलाच हव्यात. एकच कोपरा घेतला. मिरच्यांना चुना लागू नये म्हणून खाली काळी ताडपत्री. एवढ्या मोठ्या गच्चीपुढे एक ताडपत्री ती काय!

दुपारी ३६. भैरूचा चुना भेसळीचा.

१५ एप्रिल
मिरच्या कडकडीत वाळल्या. असं ऊन वाया घालवणं पाप आहे. धणे, हळकुंडं, शिकेकाई काढली. दुसरी ताडपत्री. अमिनाबी म्हणाली, अक्का, माझी चिंच पण ठेव, तुझ्याकडं ऊन चांगलं हाय. इतक्या वर्षांचा शेजार, नाही कसं म्हणायचं? तिसरी.

दुपारी ३८. कबुतरं जबाबदार. मेल्यांनी सगळीकडे घाण करून ठेवलीय. घाण पांढरी असते हे खरं, पण तसल्या पांढऱ्याचा काय उपयोग!

१९ एप्रिल
४०. ऋतुजा वर आली. म्हणाली, आजी, पांढरं कुठंय? मी म्हटलं, आहे की, ताडपत्रीखाली. ती कपाळाला हात लावून म्हणाली, अगं, तिकडे हेच चाललंय! मी विचारलं, तिकडे चिंच वाळवतात का? ती जिना उतरून गेली. शिकलेल्यांना एक सरळ प्रश्न विचारला की संपले.

२३ एप्रिल
वळीव आला. मेला नेमका आजच. ताडपत्र्या ओढत जिन्यात आणल्या. त्यांच्याबरोबर निम्मा चुना खरवडून आला. उरलेला पन्हाळीतून खाली श्यामलाच्या स्कूटरवर. सर्जेराव खालून ओरडला, आई, तुझा ध्रुव गटारात चाललाय! बापासारखाच कुजकट.

गच्ची परत काळी. चिंच वाचली. भैरूला फोन केला, उचलत नाही. कामचुकार.

२८ एप्रिल
४१. उपाय सापडला. यंत्र ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलं. ३३! लगेच सर्जेरावाला हाक मारली.

त्यानं यंत्र हातात घेतलं. पाणी ठिबकत होतं. शर्टाला पुसून खिळ्याला टांगलं आणि माझ्या खाटेवर बसला. घामानं निथळत होता. मग म्हणाला, आई, गेल्या वर्षी तुला उचलून जिना उतरलो ना, तेव्हा प्रत्येक पायरीला वाटलं, खाली पोचेपर्यंत तू राहतेस का नाही. मला परत ते जमायचं नाही.

मी माठातलं पाणी काढून त्याला दिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. उन्हानं.

३० एप्रिल, दुपारी ३
४१. यंत्राला हात लावला नाही.

१ मे
गादी खाली. तात्पुरती. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

३ मे
एसी ही अत्यंत घाणेरडी वस्तू आहे. घरात मढ्यासारखा गारठा. रात्री नऊला पडले, सकाळी साडेसातला जाग आली. श्यामलानं विचारलं, आई, झोप लागली का? मी म्हटलं, डोळ्याला डोळा नाही. ती माझ्या अंगावरच्या दोन चादरींकडे बघत राहिली. आगाऊ.

६ मे
श्यामला बाहेर जाताना एसी बंद करून गेली. घरात म्हातारं माणूस आहे याची काही शरम? ऋतुजाकडून बटणं शिकून घेतली. अठरावर ठेवलाय.

आत्ता अमिनाबी खिडकीतून ओरडत होती, अक्का, तुमच्या एसीच्या त्या बाहेरच्या डब्याची गरम हवा सगळी माझ्या घरात येतीय, जीव चाललाय माझा!

मी म्हटलं, खिडकी लावून घे.