बांबूउंदीर थोर की एरीचा पतंग?

उदालगुडी,
बैसागू संपून आठवा दिवस

आदा,
तुझ्या धाकट्या बहिणीनं पायांवर डोकं ठेवलं आहे. बाथौच्या कृपेनं तुझी कंबर आणि वहिनीचा खोकला, दोन्ही ठिकाणावर असोत. आम्ही जिवंत आहोत, पण घरात मोठा अनर्थ झालाय.

बैसागूच्या सणाला आलास आणि आमच्या ह्यांना तो बांबूउंदीर भेट देऊन गेलास, तिथून सगळं बिनसलं. पत्र्याच्या डब्यात बसून तो रोज हातभर बांबू फस्त करी आणि हे समोर उकिडवे बसून कौतुक करत. ह्यांचं म्हणणं, एका उंदरात आठ पानं उठतात, तुझ्या एरी रेशमाच्या पतंगात आहे काय? मी म्हटलं, त्याच्या कोषाची शाल होते, आतल्या किड्याची भाजी होते, आणि पतंग होऊन बाहेर पडला तर त्याला खायला तोंडच नसतं. चार दिवस उपाशी राहतो, अंडी घालून मुकाट मरतो. चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अशी सून मिळायला नशीब लागतं." (मी ऐकलं नाही असं दाखवलं.)

तर परवा सकाळी डब्याचं झाकण उघडं, उंदीर पसार. मी धावत जाऊन आढ्याला टांगलेली, अंड्यांच्या बियाण्यासाठी राखलेल्या कोषांची टोपली उतरवली. सगळे कोष फुटलेले, आत एक किडा नाही! आदा, आपल्या आईनं जपलेलं बियाणं ते. तिच्यामागे चौदा वर्षं मी मोडू दिलं नाही, आणि आळीतल्या बायका त्याच अंड्यांची वाट बघत बसल्यात.

उंदीर शेजारच्या बांबूच्या बेटात मुळं कुरतडताना सापडला. त्याला तिथंच शिक्षा झाली. पण कापला तर पोटात बांबूच बांबू. "मी सांगत होतो, सज्जन होता," असं म्हणत ह्यांनी डोळे पुसले आणि दोनदा वाढून घेतलं. मग मी कोष निरखले, तर कडा पात्यानं चिरल्यासारख्या सरळ. उंदराला पातं कुठलं? सासूबाईंना किडे फार आवडतात, म्हणून माझ्या तोंडून नको ते गेलं. तेव्हापासून त्या ना जेवतात ना बोलतात, अगदी पतंगासारख्या बसून आहेत.

तुझी,
हाथोर्खी

ता. क. वहिनीला कातायला, भाजीसाठी चिरून किडे काढलेल्या रिकाम्या कोषांची टोपली दिली होती, ती अजून उकळायला घातली नसेल तर घालू नका. आधी एक कोष कानाशी हलवून बघा. आत काही वाजलं तर टोपली तशीच हे पत्र आणणाऱ्या बसवाल्याबरोबरच परत पाठवा. (फोन केला असता, पण तो सासूबाईंच्या कमरेला असतो.)

दुसरा ता. क. टोपली तुझ्या हातात मीच दिली होती, हे खरं. पण सासूबाईंना तू सांग की घाईत तूच चुकीची उचललीस. नाहीतरी उंदीर तूच दिला होतास.