मधोमधली खुर्ची

आमोस,

वरण कुकरमध्ये आहे, भात तेवढा लाव. मी राहुरीला आईकडे जातेय, जेनिफरलाही नेतेय. परत कधी येईन ते फोनवर सांगते.

काल आपल्या घरी कॉटेज मीटिंगच्या प्रार्थनेला मंडळी मावावीत म्हणून मी तुझे स्पीकर भिंतीला सरकवले, वर क्रोशाचे रुमाल घातले. बाया म्हणाल्या, हॉल पहिल्यांदाच घरासारखा दिसतोय. तू मात्र ‘भिंतीला लागले की आवाज घुमतो’ म्हणत पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असतानाच ते पुढे ओढायला लागलास. मला मान वर करवेना.

आज नागापूरच्या कारखान्यातली शिफ्ट करून आले आणि फरशीवरच्या तुझ्या टेपच्या खुणांवर ते बरोबर परत ठेवले. रुमाल काढले. तुझी खुर्ची मधोमध ठेवली, बाकीच्या गॅलरीत टाकल्या. आता भांडायचंही त्राण नाही.

मग तुझं आवडतं गाणं लावून त्या खुर्चीत बसून पाहिलं. खरंच रे, गाणारी बाई जणू समोर उभी राहून गाते. तुझं काही खोटं नव्हतं.

जेनिफर म्हणे तेव्हा आतून ‘मम्मी, मम्मी’ अशा हाका मारत होती. मला एकही ऐकू आली नाही.

सारा